१९७९ ची सेसना, नवीन इंजिन मॉनिटर आणि डोकं फिरवणारे आकडे

ढगातला_बंड्या
मंडळी, इथे उडणारे किती जण आहेत माहीत नाही, मागे पॅराग्लायडिंगच्या धाग्यावर काही तज्ज्ञ दिसले होते म्हणून इथेच विचारतोय. मी ह्यूस्टनला असतो, तिघांत मिळून एक सेसना १७२एन घेतलीय, १९७९ ची. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०-एच२एडी, १६० हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटरवालं. आजवर पॅनलवर आरपीएम, ऑइल प्रेशर, ऑइल टेंपरेचर आणि आधीच्या मालकाने लावलेला एका सिलिंडरचा सीएचटीचा काटा, एवढाच कारभार होता. ह्या वेळच्या अ‍ॅन्युअलला (वार्षिक तपासणीला) चारही सिलिंडरचं ईजीटी-सीएचटी दाखवणारा डिजिटल मॉनिटर बसवून घेतला, सोबत फ्युएल फ्लोचा सेन्सर पण.

आणि तेव्हापासून झोप उडालीय. आधी काही दिसत नव्हतं तर सुखात होतो. तीन नंबरचा सिलिंडर क्रूझला (उंची गाठून सरळ उडताना) ३९५ फॅरनहाइट, बाकीचे तिघं ३५०-३६० मध्ये. ईजीटीत सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड यांच्यात ९० डिग्रीचा फरक. आणि फ्युएलचं तर काय सांगू, मीटर म्हणतो ३१.४ गॅलन जाळलं, पंपावर भरलं ३०.२. पार्टनर म्हणतो सिलिंडर काढून बघू. मला वाटतं थांबावं. तुम्ही काय म्हणता?

कोकणी_माणूस
आधी आम्हा अडाण्यांना सांगा ईजीटी सीएचटी म्हणजे काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲव्हरेज किती देते?

ढगातला_बंड्या
ईजीटी म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या जळक्या गॅसचं तापमान, सीएचटी म्हणजे सिलिंडरच्या डोक्याचं. ॲव्हरेज: तासाला आठ गॅलन धरा म्हणजे साधारण ३० लिटर, वेग ११० नॉट म्हणजे २०० किलोमीटरच्या आसपास. लिटरला साडेसहा-पावणेसात पडतं. मध्ये सिग्नल नाही की घाट नाही.

तेलकट_हात
बंड्या, पार्टनरच्या हातातला पाना आधी काढून घे.

मी नागपूरला राहतो, आयुष्य हँगरमध्ये गेलं, एएमई म्हणजे विमान दुरुस्तीचा इंजिनिअर म्हणून रिटायर झालो, लायकॉमिंग भरपूर हाताळलीत. तुझ्या तीन नंबरबद्दल एक प्रश्न: आधीच्या मालकाचा तो जुना सीएचटीचा काटा अजून चालू आहे ना? त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कुठल्या सिलिंडरवर आहे ते बघ. सिलिंडरच्या डोक्यात प्रोबसाठी एकच भोक असतं. ते जुन्या प्रोबने अडवलेलं असेल तर नवीन मॉनिटरवाल्याने त्या एका सिलिंडरला स्पार्क प्लगच्या खाली वॉशरसारखा बसणारा प्रोब लावला असणार, बाकी तिघांना भोकात बसणारा. वॉशरवाला प्रोब जागेप्रमाणे २५-४० डिग्री जास्त दाखवतो, हे नेहमीचं आहे. सिलिंडर गरम नाहीये, थर्मामीटर वेगळ्या जागी लावलाय. काउलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण उघड, फोटो टाक.

ईजीटीतला ९० चा फरक विसर. ईजीटीचा नुसता आकडा फारसा काही सांगत नाही, प्रोब एक्झॉस्टच्या फ्लँजपासून अर्धा इंच पुढेमागे लागला तरी आकडा बदलतो. आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनात चौघांना सारखं मिश्रण मिळतंय असं कधी होत नाही, लांबच्याला वेगळं जवळच्याला वेगळं. आकडा किती आहे यापेक्षा मागच्या महिन्यात त्याच उंचीला त्याच आरपीएमला किती होता आणि आज किती आहे ते बघायचं. त्यासाठी आधी इंजिन ठणठणीत असताना दोन-चार फ्लाइटचा डेटा उतरवून ठेव, त्याच्याशी ताडून बघायचं पुढचं सगळं.

सीएचटीचं मात्र उलटं, तिथे आकड्याला अर्थ आहे. लायकॉमिंगची लाल रेषा ५०० फॅरनहाइट म्हणजे २६० सेल्सियस. पण लाल रेषेपर्यंत जायची वाट बघायची नसते, कंपनी स्वतःच म्हणते की इंजिनने आयुष्य काढायचं असेल तर क्रूझला ४३५ च्या खाली ठेवा. माझ्यासारखे जुने लोक ४०० ला हात हलवायला लागतात, ॲल्युमिनियम जितकं तापेल तितकी त्याची ताकद जाते.

आरव्हीवाला
काकांना +१. मी कॅल्गरीजवळ, स्वतः बांधलेलं आरव्ही-९ए उडवतो, त्यात पण ओ-३२० च आहे पण इंजेक्शन टाकून घेतलंय.

फ्युएलचं उत्तर सोपं आहे बंड्या. तो सेन्सर म्हणजे आत एक छोटं चक्र, फ्युएल गेलं की फिरतं आणि पल्स मोजतो. किती पल्स म्हणजे एक गॅलन हे त्याला आपण सांगायचं, त्याला के-फॅक्टर म्हणतात. लाल ठोकळ्यासारखा दिसणारा सेन्सर असेल तर सुरुवातीचा आकडा ६८,००० च्या आसपास असतो पण प्रत्येक विमानात पाइपची वळणं वेगळी म्हणून थोडा चुकतोच. जुना के-फॅक्टर गुणिले मीटरने दाखवलेलं भागिले खरं भरलेलं. तुझ्या आकड्यांवर ६८,००० × ३१.४ ÷ ३०.२ म्हणजे साधारण ७०,७००. पण एका टाकीवर बदलू नकोस, काही टाक्यांची बेरीज घे, प्रत्येक वेळी विमान त्याच जागी सपाटीवर आणि टाकी त्याच खुणेपर्यंत. नाहीतर जमिनीच्या उताराची चूक तू सेन्सरच्या माथी मारशील.

बाय द वे चूक जास्त दाखवण्याच्या बाजूला आहे हे बरंच आहे. उलटी असती तर काळजी.

तेलकट_हात
अजून एक, हे मेकॅनिकला विचार. १७२एन मध्ये फ्युएल पंखातून नुसतं गुरुत्वाने खाली येतं, पंप नाही. अशा विमानात लाइनमध्ये मध्येच सेन्सर घातला की प्रवाह अडत तर नाही ना हे तपासावं लागतं, नियम असा की टेकऑफला जेवढं लागतं त्याच्या १५० टक्के वाहिलं पाहिजे. बादलीत धरून मोजतात. कागदावर त्याची नोंद आहे का बघ.

सोलो_सई
मी विदर्भात ट्रेनिंग घेतेय, सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स चालू आहे. आमच्याकडे डीए-४० एनजी आहे, डिझेल म्हणजे जेट ए-१ वर चालणारं ऑस्ट्रोचं इंजिन, १६८ हॉर्सपॉवर. हवा-पेट्रोलचं मिश्रण कमीजास्त करायची मिक्स्चर लिव्हरच नाही, कम्प्युटर सगळं बघतो, आपण फक्त लोड टक्के बघायचा. हे सगळं वाचून वाटतंय की आम्हाला इंजिन कळतंय की नुसता कर्सर हलवतोय 😅 इन्स्ट्रक्टर म्हणतात पुढे एअरलाइनमध्ये हेच आहे त्यामुळे चिंता नको.

पण एक प्रश्न, स्क्रीनवर फ्युएल लिटर-गॅलनमध्ये अगदी दशांशात दिसतं तरी आम्हाला प्रत्येक फ्लाइटआधी टाकीत मोजून बघायला का लावतात?

तेलकट_हात
सई, चांगला इन्स्ट्रक्टर आहे तुझा, लावू दे.

बंड्याचा टोटलायझर म्हण, तो टाकीत बघत नाही. तू सुरुवातीला "४० गॅलन आहे" असं टाइप केलंस की तो ४० मधून वजा करत जातो. टाकीत खरं ३० असेल, कॅप नीट न बसल्यामुळे पंखावरून मागे उडून जात असेल, ड्रेन गळत असेल, त्याला काही पत्ता नाही. शांतपणे "२२ शिल्लक" म्हणत राहील. गेज टाकीत बघतो पण तो तरंगत्या फ्लोटवर, वळणात आणि खडबडीत हवेत नाचतो. दांडी टाकून मोजलेलं, घड्याळ गुणिले जळण, आणि गेज, तिघं एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक जरी वेगळं बोलायला लागला तर त्याचं ऐकायचं, म्हणजे जो सगळ्यात कमी दाखवतोय त्याचं.

विमानवेडा_८८
गेजचं काय घेऊन बसलात, कायद्याने फ्युएल गेज फक्त टाकी रिकामी असताना बरोबर असावा लागतो. बाकी वेळ काहीही दाखवू दे.

आरव्हीवाला
हे प्रत्येक फ्लाइंग क्लबमध्ये कोणीतरी सांगतंच आणि ते चूक आहे. अमेरिकेच्या नियमात असं आहे की गेजचा शून्य हा *वापरण्याजोग्या* फ्युएलच्या शून्याला जुळला पाहिजे, म्हणजे तळाशी न वापरता येणारं जे उरतं ते मोजायचं नाही. त्यातून लोकांनी "फक्त शून्याला बरोबर" काढलं. दुसऱ्या कलमात, ९१.२०५ मध्ये, सरळ लिहिलंय की प्रत्येक टाकीत किती आहे हे दाखवणारा गेज हवा. काटा अडकला असेल तर विमान उडायला लायक नाही, विषय संपला.

विमानवेडा_८८
बरं. पण फ्युएल संपून पडणारे असतात तरी किती, एवढा मूर्खपणा कोण करतं?

आरव्हीवाला
अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये सेफ्टी अलर्ट काढला होता, २०११ ते २०१५ मध्ये वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात फ्युएलच्या व्यवस्थापनामुळे. आणि त्यातले सगळे "संपलं" वाले नव्हते, बऱ्याच जणांच्या दुसऱ्या टाकीत फ्युएल होतं, टाकी बदलायचा सिलेक्टर फिरवला नाही. मूर्ख वगैरे कोणी नसतं, हेडविंड अंदाजापेक्षा जास्त निघतो आणि पुढचं विमानतळ अर्ध्या तासावर दिसत असतं.

ढगातला_बंड्या
तेलकटकाका, साष्टांग नमस्कार 🙏 काउलिंग उघडलं. तीन नंबरच्या भोकात जुनाच प्रोब आहे आणि नवीन वाला मागच्या प्लगखाली चपटा वॉशर म्हणून बसलाय, वायरला कोणीतरी झिप टाय मारलाय. जुन्या काट्याचा प्रोब काढून टाकायचा की अडॅप्टर मिळतो?

तेलकट_हात
अडॅप्टर मिळतो, दोघं एकाच भोकात बसतात. तोपर्यंत तीन नंबरच्या आकड्यातून मनात थोडं वजा कर.

आता काउलिंग उघडंच आहे तर बॅफल बघ. सिलिंडरच्या भोवती जे पत्रे आणि त्यांना रबराची झालर असते ती. ४५ वर्षं जुन्या विमानात ती झालर कडक होऊन उलटी वळलेली असते आणि हवा सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पत्र्यासारख्या कडांमधून जायच्या ऐवजी वरच्यावर पळून जाते. आतून टॉर्च मारायचा, बाहेरून जिथे उजेड दिसेल तिथून थंडावा चोरीला जातोय. सीएचटीच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, शंभर रुपयाच्या सिलिकॉनने.

सोलो_सई
काका, इथे मे महिन्यात काय करायचं हो? सीएचटी नाही पण ऑइल आणि गिअरबॉक्सचं टेंपरेचर चढताना वर वर जातं.

तेलकट_हात
नागपूरचा मे म्हणजे हिशोब असा: विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारएक फूट. ४५ डिग्रीला हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंखांना आपण जवळजवळ पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. पुणं अजून उंच, १९४२ फूट, तिथे ४० ला पण तीच गत, किंबहुना थोडं वरच. म्हणून चढताना नाक थोडं खाली, वेग दहा नॉट जास्त, हवा जास्त आत जाते. आणि शक्यतो सकाळी उडायचं, दुपारी आमच्याकडे कुत्रं पण बाहेर पडत नाही.

मधुरा_टेक्सास
बंड्या आपण ओळखतो बहुतेक, गणपतीला भेटलो होतो 🙂 माझा नवरा पण १७२ उडवतो, त्याने विचारलंय की लीन ऑफ पीक कर असं यूट्यूबवर सगळे सांगतात, खूप फ्युएल वाचतं, ते ह्या इंजिनात चालेल का?

आरव्हीवाला
इंजेक्शनवाल्यात मी करतो, बंड्याच्या कार्ब्युरेटरवाल्यात बहुधा नाही जमणार. कारण असं की मिश्रण पातळ करत गेलं की ईजीटी वाढतं, एका टोकाला पोचतं आणि मग उतरतं. त्या टोकाच्या पलीकडे चालवणं म्हणजे लीन ऑफ पीक. चारही सिलिंडर एकाच वेळी टोकाला पोचले तर मजा. कार्ब्युरेटरमध्ये एक पलीकडे गेलेला असतो तेव्हा दुसरा अलीकडेच असतो आणि इंजिन धडधडायला लागतं. त्यांनी साधी पद्धत वापरावी: ७५ टक्के पॉवरच्या खाली असताना मिक्स्चर मागे घेत जा, खडखड झाली की गुळगुळीत होईपर्यंत पुढे. त्यातच तासाला गॅलनभर सहज वाचतं, रिच म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवून उडणाऱ्यांच्या तुलनेत.

आणि जमिनीवर टॅक्सी करताना जोरात लीन (मिश्रण पातळ) करा. रिच ठेवलं की पेट्रोलमधलं शिसं प्लगवर बसतं, खालच्या प्लगमध्ये राखाडी मणी दिसतात.

कोकणी_माणूस
शिसं?? अजून?

आरव्हीवाला
हो, १०० एलएल मध्ये, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून आहे, निळ्या रंगाचं असतं. अमेरिकेत काढून टाकायची धडपड चालू आहे पण सोपं नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ च्या जूनमध्ये त्यांचा पूर्ण ट्रेनिंगचा ताफा बिनशिशाच्या यूएल-९४ वर नेला, आणि ऑक्टोबरमध्ये परत १०० एलएल वर आणला कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालल्याचं मोजमापात दिसलं. नियमित मोजत होते म्हणून कळलं.

तेलकट_हात
आपल्याकडे हे पेट्रोल वर्षानुवर्षं बाहेरून यायचं, पिंपात. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये हिंडनच्या हवाई तळावर स्वतःचं १०० एलएल आणलं, वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनतं. पुढच्या जानेवारीत न्हावाशेवाहून पापुआ न्यू गिनीला पहिली खेप गेली सुद्धा. आयात अडकली की विमानं नुसती उभी, ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना ह्याची किंमत कळेल.

ढगातला_बंड्या
परत मीच. अडॅप्टर लावला, तीन नंबर आता ३६५, गप्प बसलाय. पण डेटा उतरवून ग्राफ काढला तर आता दोन नंबर. क्रूझमध्ये बाकी तिघांच्या ईजीटीच्या रेषा सरळ आणि दोन नंबरची रेषा हळूहळू ४० डिग्री वर जाते, खाली येते, मिनिटाला एखादी लाट, अगदी नियमाने. मिक्स्चरला हात लावलेला नाही. सीएचटी ढिम्म. उडताना स्क्रीनकडे बघून हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. वायर लूज असेल का?

आरव्हीवाला
वायर लूज असली की रेषा दातेरी होते, एकदम उडी मारते. ही संथ लाट आहे. मला हे आवडलं नाही. आधी प्रोब एक आणि दोन आपसात बदल, लाट प्रोबबरोबर गेली तर प्रोब, सिलिंडरबरोबर राहिली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

मधुरा_टेक्सास
व्हॉल्व्हने लाट कशी काय येते?

तेलकट_हात
एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडझाप करताना स्वतःभोवती सावकाश फिरत पण असतो, मुद्दाम तशी टोपी असते त्याच्यावर, म्हणजे सगळीकडे सारखा तापावा आणि सारखा झिजावा. त्याच्या कडेला एका जागी जळायला लागलं की तिथून गॅस निसटतो. ती जागा फिरत फिरत प्रोबच्या बाजूला आली की ईजीटी वर, पलीकडे गेली की खाली. म्हणून लाट.

बंड्या, आता बोरोस्कोप घालायला सांग, वरचा प्लग काढून कॅमेरा आत. निरोगी व्हॉल्व्हवर रंगाचे गोल एकाभोवती एक असतात, मध्ये लालसर. जळणाऱ्यावर एका बाजूची कड वेगळी दिसते, हिरवट, गोल बिघडलेला. आणि कोणी नुसती कॉम्प्रेशन टेस्ट करून "७६ बाय ८०, उत्तम आहे" (८० दाबाची हवा भरली, ७६ टिकली) म्हणाला तर मान डोलवून बोरोस्कोप करून घे. कॉम्प्रेशन चांगलं येत असताना जळके व्हॉल्व्ह मी काढलेत.

विमानवेडा_८८
एवढं सगळं ६ सेकंदाला एकदा घेतलेल्या नोंदीत दिसतं?

आरव्हीवाला
मिनिटाला एक लाट असेल तर दहा ठिपके मिळतात, पुरतात. पण सेटिंगमध्ये जाऊन १-२ सेकंद कर बंड्या, मेमरी लवकर भरते एवढंच.

ढगातला_बंड्या
अपडेट. प्रोब बदलून बघितले, लाट दोन नंबरलाच राहिली. बोरोस्कोपचा फोटो खाली टाकलाय, घड्याळात चार वाजतात तिथे बघा, कड हिरवट-पांढरी आणि लाल गोल एका बाजूला सरकलेला. कॉम्प्रेशन ७४ बाय ८०, म्हणजे कागदावर पास! मेकॅनिकने सिलिंडर न काढता रॉकर उघडून, व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून, सीटवर पेस्ट लावून जागेवरच घासून दिला, गाइड पण साफ केला. तीन तासाचं काम. पार्टनरने सिलिंडरचं कोटेशन आणलं होतं ते त्याने गुपचूप घडी घालून ठेवलंय.

नंतरच्या फ्लाइटमध्ये लाट नाही. के-फॅक्टर पण बदलला, ह्या वेळी मीटर आणि पंप यांच्यात ०.२ गॅलनचा फरक आला.

सोलो_सई
वा! आता म्हणजे मॉनिटर असला की इंजिन अचानक दगा देणार नाही असं म्हणायचं ना?

तेलकट_हात
नाही म्हणायचं. त्या एच२एडी इंजिनाची खरी दुखरी जागा मॉनिटरला दिसतच नाही. कॅमशाफ्ट वर असतो, विमान उभं राहिलं की तेल खाली निथळतं, कॅम आणि त्यावर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट कोरडे, आणि ह्यूस्टनसारखी दमट हवा असली की गंज. मग चालू केलं की गंजाचे खड्डे टॅपेट खायला लागतात. ईजीटी, सीएचटी, फ्युएल फ्लो, सगळं छान दाखवत असतं आणि आत लोखंड उतरत असतं. ह्या मॉडेलला त्यासाठी लायकॉमिंगचं ॲडिटिव्ह सक्तीचं आहे, एलडब्ल्यू-१६७०२, काही तेलांत ते आधीच मिसळलेलं येतं.

त्याला उपाय दोनच. महिन्याला निदान एकदा तासभर सलग उडवायचं, तेल १६५ फॅरनहाइटच्या वर गेलं पाहिजे म्हणजे पाणी उडतं, नुसतं जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. आणि ५० तासाला तेल बदलताना फिल्टर कापून उघडायचा, घड्या पसरायच्या, लोहचुंबक फिरवायचा, तेलाचा नमुना लॅबला पाठवायचा. बंड्या, तुझा मागचा फिल्टर कोणी कापला होता का?

ढगातला_बंड्या
लॉगबुकात "तेल व फिल्टर बदलले" एवढंच आहे, कापल्याचं लिहिलेलं नाही. तेलबदल जवळ आलाय, कटर मागवतो.

तेलकट_हात
कटरच आण, हॅकसॉने कापू नकोस, स्वतःचाच भुसा फिल्टरमध्ये सापडतो आणि मग रात्रभर जागा राहशील. लोखंडाचा आकडा आला की इथेच टाक, पण एका रिपोर्टवर काही ठरवू नको, पुढचा येईपर्यंत थांब.

कोकणी_माणूस
काका, स्कूटरचं तेल पण ५० तासाला बदलायचं का?

तेलकट_हात
तुमच्या स्कूटरचा वेगळा धागा काढा.